विकतच्या निबंधाची गुणवत्ता

विद्यार्थ्यांना आंतरजालावरून विकले जाणारे सत्रनिबंध हा विषय आजवर शिस्तीचा आणि कायद्याचा मानला गेला आहे. ऑस्ट्रेलियाने २०२० साली आणि इंग्लंडने २०२२ साली अशा विक्रीवर कायद्याने बंदी आणली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या साम्याच्या टक्केवारीवर ठरविल्या; मात्र त्यातील व्याख्येने सत्रनिबंध आणि उत्तरपत्रिका वगळल्याच आहेत. शिवाय मागणीबरहुकूम नव्याने लिहून दिलेल्या निबंधात साम्य सापडत नाही. तेथे यंत्र निरुत्तर होते आणि प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येतो : हा निबंध, निबंध म्हणून, कसा आहे?

'कोसला'वरील (१९६३) असा एक निबंध मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात त्याला वीसपैकी चौदा गुण दिले. तो विकत घेतल्याची कबुली विद्यार्थ्याने पुढे दिली, म्हणून दुसरे वाचन घडले. भाषा नेटकी, मांडणी प्रमाणबद्ध. अस्तित्ववाद, परात्मता, ग्रामीण-नागर द्वंद्व हे सारे यथास्थित. चूक म्हणावे असे एकही विधान नाही. परंतु मनीच्या मृत्यूचा उल्लेख कोठेच नव्हता. 'उदाहरणार्थ' हा शब्द चार वेळा आला होता आणि चारही वेळा कोशातल्या सरळ अर्थाने. ज्या कादंबरीच्या निवेदकाने या शब्दाचा तर्कच उखडून टाकला, तिची वीस पाने वाचलेल्या माणसाला तो इतक्या निर्धास्तपणे लिहिता येणार नाही. त्याची लेखणी तेथे अडखळेल. संहितेने निबंधाच्या भाषेला कोठे अडविले आहे काय, हा निकष मला येथे सापडला. निर्दोषता हा निकष नव्हे.

या निकषाने मग आपलीही पंचाईत होते. माझा प्रश्न होता : 'कोसला'तील अस्तित्ववादी जाणिवेची चर्चा करा. विक्रेत्याने कादंबरी वाचली नव्हती, परीक्षक मात्र नीट वाचला होता. रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली लेखकाचा मृत्यू घोषित केला तो वाचकाच्या जन्मासाठी. या व्यवहारात लेखक निनावी आहे आणि वाचक जन्मलेलाच नाही. मार्गदर्शिकांतून उतरविलेले प्रामाणिक निबंधही या कसोटीवर टिकत नाहीत, आणि आपल्या काही चर्चासत्रांतील निबंधांविषयी न बोललेले बरे.

त्याच गठ्ठ्यात वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीचा निबंध होता. शुद्धलेखन सैल, निष्कर्ष नाही, परिभाषा जवळपास नाहीच. परंतु पांडुरंगाच्या मेसच्या कारभारावर तिने दीड पान खर्च केले होते. तेथील विनोद हसवता हसवता कोठे थांबतो, हे तिला दिसले होते. सांगता मात्र धड आले नव्हते. तिला मी नऊ गुण दिले होते.

पुढील वर्षी प्रश्न बदलला : मनीच्या मृत्यूनंतर निवेदकाच्या भाषेत काय घडते, ते तुम्ही निवडलेल्या एका पानाच्या आधारे दाखवा. निबंध आखूड आले, बरेचसे ओबडधोबडही. विकतच्या निबंधाचे चौदा गुण रद्द झाले. त्या विद्यार्थिनीचे नऊ मात्र तसेच राहिले. गुणपत्रक तोवर विद्यापीठाकडे रवाना झाले होते.