निनावी अर्ज आणि सहीची किंमत

सरकारी लाभ घेणाऱ्या माणसाविरुद्ध कचेरीत येणारा निनावी अर्ज हा आपल्या समाजजीवनाचा एक बोलका दस्तऐवज आहे. त्याची चिकित्सा मात्र आपल्याकडे फारशी होत नाही. शिष्यवृत्ती, घरकुल, रेशन, राखीव जागेवरची नोकरी यांपैकी काहीही असो. अमका बोगस आहे, त्याची चौकशी व्हावी, असे चार ओळींत लिहायचे आणि खाली 'एक जागरूक नागरिक' म्हणून मोकळे व्हायचे. हा जागरूक नागरिक कोण असतो? तो कोणाविरुद्ध जागा होतो आणि कोणाविरुद्ध गाढ झोपलेला असतो? निनावी अर्ज चांगला की वाईट, एवढ्यावरच आपली चर्चा अडते. हे प्रश्न मात्र तसेच राहतात.

महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे काम पाहताना असे अर्ज माझ्या हाती येतात. त्यांची भाषा ठरलेली असते. मुलाचे वडील मजूर दाखवले आहेत, पण घराला स्लॅब आहे. मुलगा मोटारसायकलवर येतो. बहिणीचे लग्न थाटात झाले. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. या अर्जांत उत्पन्नाचा पुरावा कधी सापडत नाही. सापडते ती स्लॅब, मोटारसायकल आणि मुलाच्या पायातले बूट. स्लॅब घरकुलाच्या पैशातून पडली असेल, मोटारसायकल हप्त्यावर असेल, लग्न सावकाराच्या कर्जातून झाले असेल, ही शक्यता लिहिणाऱ्याच्या मनाला शिवत नाही. त्याला खुपते ते दुसरेच. शूद्राने धनसंचय करू नये, असा मनुस्मृतीचा दंडक होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती पोथी जाळली गेली, पण पोथीतली नजर जळली नाही. ती आता उत्पन्नाच्या दाखल्याची भाषा बोलते, एवढाच फरक!

शिवाय अशा अर्जाला फार मोठा पुरावा लागतही नाही. गरिबाबद्दल संशय हाच आपल्या प्रशासनाचा पाया आहे. दाखला द्या, पुन्हा द्या, अंगठा लावा, मूळ कागद दाखवा. त्यात एक निनावी कागद पडला की हप्ता थांबतो आणि मुलगा तलाठ्याकडून तहसीलला, तहसीलहून महाविद्यालयात खेटे घालत वर्ष घालवतो. अर्ज करणाऱ्याला एका पाकिटाचा खर्च आला. मुलाला वर्षाचा आला. दरम्यान शिष्यवृत्तीवर मोठा डल्ला कोणी मारला? संस्थाचालकांनी बोगस विद्यार्थी दाखवून पैसे उचलल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांच्या तपासासाठी राज्य सरकारला २०१६ मध्ये विशेष पथक नेमावे लागले. ज्या गावात विद्यार्थ्याच्या बुटांवर अर्ज लिहिला जातो, त्याच गावात संस्थाचालकाच्या गाडीवर लिहिला जात नाही.

तरीही निनावी अर्ज सरसकट कचऱ्यात टाका, असे मी म्हणणार नाही. कारण या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या अधिक जिव्हाळ्याची आहे. राखीव जागांवर खोटी जात सांगून बसलेल्यांचा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. आदिवासींच्या जागा तर वर्षानुवर्षे नामसाधर्म्याच्या आधारे लुटल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ च्या निकालात पडताळणी समिती आणि दक्षता पथक यांची पद्धत घालून दिली. त्यानंतर राज्याचा कायदा आला. तो १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. त्यात जात सिद्ध करण्याचा भार दावेदारावर आहे, खोट्या दाखल्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पण न्यायालयात तक्रार समितीने किंवा तिने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच करायची आहे. ज्याची जागा गेली त्याला थेट दाद मागता येत नाही. तो समितीकडे माहिती पाठवू शकतो, आणि ती स्वतःच्या नावाने पाठवली तर काय होते हे तो जाणतो. ज्याच्याविरुद्ध लिहायचे तो साहेब त्याच खात्यात वर बसलेला असतो.

६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले, की अवैध दाखल्यावर मिळवलेला लाभ टिकणार नाही. राज्याने काय केले? २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने दावा अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांना ११ महिन्यांच्या अधिसंख्य पदांवर ठेवले. एका बाजूला बुटांवरून थांबलेली शिष्यवृत्ती, दुसऱ्या बाजूला न्यायालयाच्या निकालानंतरही चालू राहिलेला पगार. व्यवस्थेला फसवणुकीची चीड आहे, असे यावरून कोणी सिद्ध करून दाखवावे.

आता दक्षता पथकाच्या चौकशीचे पाहा. पथक घरी येते, शाळेचे जुने दाखले तपासते. जमातीच्या दाव्यात कुलदैवत कोणते, लग्न कसे लागते, प्रेत पुरता की जाळता, असेही विचारते. लबाडाने ही उत्तरे पुस्तकातून पाठ केलेली असतात. शहरात वाढलेल्या खऱ्या आदिवासी मुलाला ती येत नाहीत. ही आप्तभावाची कसोटी निर्णायक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २४ मार्च २०२३ रोजी सांगावे लागले. अशा चौकशीच्या तोंडी एखादे खरे घर केवळ एका निनावी कागदामुळे जात असेल, तर त्या कागदात तपासता येण्याजोगे काय आहे हे आधी पाहिलेच पाहिजे. शाळेचे नाव, दाखल्याचा क्रमांक, सालाची तफावत असे काही असेल तर सही नसली तरी चौकशी व्हावी. नुसताच 'राहणीमान संशयास्पद' असेल तर सही असली तरी होऊ नये.

केंद्रीय दक्षता आयोगाचे धोरण याबाबत हेलकावे खात आले आहे. १९९९ मध्ये निनावी तक्रारींवर कारवाई नको असे ठरले, २००२ मध्ये पडताळता येणाऱ्या तपशिलांसाठी दार किलकिले झाले, २०१४ मध्ये पुन्हा बंद. हा सगळा वाद एका घोटाळ्यावर उभा आहे. निनावी आणि गोपनीय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निनावी लिहिणारा कोणालाच जबाबदार नसतो; गोपनीय लिहिणारा नाव देतो, ते जपण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. सत्येंद्र दुबे या अभियंत्याने महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधानांना लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. सीबीआयने तो लुटारूंचा ठरवला. परंतु देशभरच्या संतापातून २००४ मध्ये तक्रारदाराचे नाव जपण्याचा ठराव निघाला, तोही केंद्र सरकार आणि त्याच्या उपक्रमांपुरता. २०१४ चा संरक्षण कायदा संसदेने संमत केला आणि तो लागू करण्याची अधिसूचनाच काढली नाही. मग घरकुलाच्या यादीत सरपंचाचा भाऊबंद घुसला, हे पाहणाऱ्या भूमिहीन बाईने कोणत्या संरक्षणावर सही करावी? दुसऱ्या दिवशी तिची मजुरी बंद होते.

विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत लढलेल्या माणसांनी निनावी कागदाच्या आडोशाला जावे का, असे काही मित्र विचारतात. प्रश्न भावनेला हात घालणारा आहे, पण तो त्या बाईला विचारण्याचा नाही. तो संघटनांना विचारला पाहिजे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. हजेरीपत्रक गावासमोर मोठ्याने वाचायचे, ज्याचे नाव आले त्याने उठून सांगायचे की मी या कामावर नव्हतो, हे पैसे मला मिळाले नाहीत. तिथे मजुराला एकट्याने कागद टाकावा लागला नाही, कारण त्याच्या मागे शंभर माणसे बसली होती. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात सामाजिक अंकेक्षण आले, त्यामागे ही माणसे होती.

आपल्या तालुक्याच्या संघटना हे करू शकतात. तपशील ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून तो घ्यावा, शाळेत आणि तहसीलमध्ये जाऊन ताडून पाहावा, आणि खरा ठरला तर संघटनेच्या कागदावर, संघटनेच्या सहीने पाठवावा. यात अडचण आहे ती मी लपवत नाही. उद्या हा तपशील आपल्याच वस्तीतील, आपल्याच संघटनेला वर्गणी देणाऱ्या एखाद्या स्थिरावलेल्या माणसाबद्दल आला, तर त्यावर सही कोण करणार, हे संघटनेने तो कागद येण्याच्या आधी ठरवून ठेवलेले बरे.