जांभळाखालचा शायर आणि जवाबदेहीचा सवाल

मराठीत आपण 'जबाबदारी' म्हणतो आणि उर्दूत 'जवाबदेही'. दोन्ही शब्दांचे मूळ अरबी 'जवाब' हेच आहे. पण प्रत्यय बदलला की अर्थाची दिशाही बदलते. 'दारी' म्हणजे बाळगणे, 'देही' म्हणजे देणे. जबाबदारी बाळगता येते, अंगावर मिरवता येते, मंत्रिमंडळाच्या शपथविधीत घेता येते. जवाबदेही मात्र कोणाला तरी द्यावी लागते, समोर विचारणारा असावा लागतो. आमच्या सार्वजनिक जीवनात जबाबदारी घेणाऱ्यांची वाण कधीच नव्हती, जवाब देणाऱ्यांची आहे. या फरकावर उर्दूतील जी कथा सर्वांत नेमके बोट ठेवते असे आम्हांला वाटते, ती म्हणजे कृष्ण चंदर यांची 'जामुन का पेड़'. तिचे पुनर्वाचन मराठी वाचकांसमोर ठेवणे हा या लेखाचा हेतू आहे.

कथानक अनेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. रात्री वादळ होते आणि सचिवालयाच्या हिरवळीवरचे जांभळाचे झाड कोसळते. सकाळी माळ्याला दिसते की झाडाखाली एक माणूस दबला आहे आणि तो जिवंत आहे. माळी शिपायाकडे धावतो, शिपाई कारकुनाकडे, कारकून सुपरिटेंडंटकडे. गर्दी जमते. पहिली हळहळ व्यक्त होते ती झाडाच्या रसाळ जांभळांबद्दल. झाड उचलायला माणसे तयार असतात, पण वरून परवानगी नको का? फाइल वर चढत जाते आणि मग आडवी फिरू लागते. हिरवळ व्यापार खात्याची, झाड शेती खात्याचे, फळझाड म्हणून बागायत खात्याचे. झाड वाचावे म्हणून माणूसच कापून पुन्हा जोडण्याची सूचना येते आणि खरोखर प्लास्टिक सर्जन येऊन तपासून जातो. मग कळते की दबलेला माणूस शायर आहे, तेव्हा फाइल सांस्कृतिक खात्याकडे जाते. शेवटी वनखात्याची माणसे करवती घेऊन येतात, तर परराष्ट्र खाते हात धरते, कारण ते झाड एका परदेशी पंतप्रधानांनी लावलेले असते. अखेर देशाचे पंतप्रधान दौऱ्यावरून परततात, झाड तोडण्याची जबाबदारी स्वतः घेतात, मंजुरी येते. तोवर शायराचा हात थंड पडलेला असतो.

या कथेला 'लालफितीवरचे विनोदी भाष्य' म्हणून मोकळे होण्याची एक रीत आहे. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण सांगायची, चार घटका हसायचे आणि पुस्तक मिटायचे. आमचा या वाचनाला विरोध आहे. कथा पुन्हा नीट वाचा. तिच्यात कोणीही लाच घेत नाही. कोणी कोणाला फसवत नाही. प्रत्येक जण आपापल्या नियमाप्रमाणे वागतो. शेती खात्याचे म्हणणे खोटे नाही आणि बागायत खात्याचेही खोटे नाही, कारण एकीकडे झाडे लावण्याची मोहीम चालू असताना फळझाड तोडायला परवानगी कशी द्यायची? सर्जनसुद्धा प्रामाणिक आहे. तो स्पष्ट सांगतो की शस्त्रक्रिया यशस्वी होईल, पण माणूस मरेल. म्हणजे हे भ्रष्ट कचेरीचे चित्र नाही. नियमाला धरून चालणाऱ्या प्रामाणिक माणसांची ही कचेरी आहे आणि तरीही तिच्या अंगणात एक माणूस मरतो.

आम्हांला या कथेचे मोठेपण इथे दिसते. आपल्याकडे सार्वजनिक जीवनाची चर्चा बहुधा व्यक्तीच्या चारित्र्यापाशी येऊन थांबते. अमुक नेता स्वच्छ आहे, तमुक साहेब पैशाला शिवत नाहीत. चांगली गोष्ट आहे. पण ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही, त्याच्या स्वच्छ हातांचा झाडाखालच्या माणसाला उपयोग काय? ईमानदारी हा माणसाचा गुण आहे, जवाबदेही ही व्यवस्थेची रचना आहे. पहिली असून दुसरी नसेल तर काय घडते, ते या कथेत दिसते.

आणि रियाकारी, म्हणजे दाखवण्यापुरते करणे? तीही कथेत आहे, पण ती राजकारण्याच्या तोंडी घातलेली नाही. दबलेला माणूस 'ओस' या तखल्लुसने लिहिणारा शायर आहे हे कळताच साहित्य अकादमी त्याला आपल्या केंद्रीय समितीचा सदस्य करून घेते. अभिनंदन होते. शायर म्हणतो, मला आधी बाहेर काढा. त्यावर उत्तर असे की सन्मान करणे एवढेच आमच्या हाती आहे. माणसाला वाचवायचे नाही, पण त्याचा गौरव करायचा. आपल्याकडची किती स्मारके, किती जयंत्या आणि किती पुरस्कार या एका प्रसंगात येऊन बसतात! लेखक आणि साहित्यसंस्थाही यातून सुटत नाहीत.

नववीच्या वर्गात ही कथा वाचून झाल्यावर आम्ही एक प्रश्न विचारतो, की शायराला कोणी मारले? उत्तरे ठरलेली असतात. कोणी झाड म्हणते, कोणी वादळ, कोणी मंत्री. एका मुलीने मात्र उलट आम्हांलाच विचारले, ''सर, फाइलवर सही कोणाची होती?'' या प्रश्नाने कथेकडे पाहण्याची एक खिडकीच उघडली. साऱ्या कथेत एकाही अधिकाऱ्याला नाव नाही. पदे आहेत, खाती आहेत, नाव नाही. ज्याला नावासारखे काही आहे तो एकटा मरणारा शायर, आणि तेही तखल्लुस. नाव नाही म्हणून दोष नाही, दोष नाही म्हणून जवाब नाही. कृष्ण चंदर यांनी हे जाणून केले की लिहिण्याच्या ओघात झाले, याची चर्चा करण्याचे कारण नाही. परिणाम कथेत आहे.

मराठीत या विषयाचे दुसरे टोक पाहायचे तर अरुण साधू यांची 'सिंहासन' (१९७७) घ्यावी लागते. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर डॉ. जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये चित्रपट केला, त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. इथे परिस्थिती उलटी आहे. सर्वांना नावे आहेत, मुख्यमंत्री जिवाजीराव आहेत, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आहेत. आणि इथे खोटेपणाच सर्वांची बोली आहे. व्यासपीठावर एक, दिवाणखान्यात दुसरे. पत्रकार दिगू टिपणीस हे सारे जवळून पाहतो. त्याला सगळे माहीत आहे, पण त्या माहितीने काहीही बदलत नाही. चित्रपटाच्या अखेरीस त्याचे ते वेड्यासारखे हसणे हे त्या हतबलतेचे रूप आहे. 'सिंहासन'मध्ये सत्तेचा चेहरा दिसतो, पण झाडाखालचा माणूस चौकटीच्या कडेला राहतो. 'जामुन का पेड़'मध्ये तो माणूस मध्यभागी आहे, पण सत्तेला चेहरा नाही. ही दोन्ही चित्रे एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय आपल्या लोकशाहीचे पूर्ण चित्र तयार होत नाही, असे आमचे मत आहे.

आता साहित्यातून थोडे बाहेर येऊ. त्या मुलीने विचारलेला प्रश्न या देशाने कायद्यातही विचारला आहे. महाराष्ट्राचा माहितीचा अधिकार कायदा २००२ सालचा, केंद्राचा २००५ सालचा. साध्या अर्जावर दहा रुपयांचे शुल्क भरून कोणीही नागरिक विचारू शकतो की माझी फाइल कोणाच्या टेबलावर आहे आणि किती दिवस आहे. उत्तराला मुदत तीस दिवसांची. विनाकारण उशीर झाला तर माहिती अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड. नाव नसलेल्या फाइलला नाव देणारा असा कायदा यापूर्वी झाला नव्हता.

पण पुढे काय झाले? जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष या कायद्याखाली येतात असा निर्णय दिला. त्यांत काँग्रेस आणि भाजप होते, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, राष्ट्रवादी आणि बसपही होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे पक्ष या बाबतीत एकाच रांगेत उभे राहिले. एकानेही निर्णय अमलात आणला नाही. त्याच वर्षी पक्षांना कायद्यातून वगळण्याचे विधेयकही लोकसभेत आले. ते संमत झाले नाही ही गोष्ट वेगळी. पुढे २०१८ मध्ये देणगीदाराचे नाव मतदारापासून झाकणारे निवडणूक रोखे आले. ते सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवले. 'आपले ठेवायचे झाकून, दुसऱ्याचे बघायचे वाकून' या म्हणीला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आणि आमच्या वाचकांना जी फाइल विसरता येत नाही, तिचे काय? डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींच्या चौकशीसाठी काँग्रेस सरकारने जानेवारी १९९३ मध्ये न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग नेमला. जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारने तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू केला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर झाला. त्या अहवालात पोलिसांची नावे होती. कृष्ण चंदर यांच्या कथेत जे नाही, ते इथे होते. तरीही सरकारने अहवाल स्वीकारला नाही. नंतर ज्यांनी अंमलबजावणीची आश्वासने देऊन मते घेतली, त्यांच्या राजवटीतही फाइल फिरतच राहिली. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की कायदा-सुव्यवस्था राखण्यात आणि लोकांच्या हक्कांचे रक्षण करण्यात राज्य अपयशी ठरले होते. ९०० माणसे मेली, १६८ बेपत्ता झाली. बेपत्तांपैकी ६० जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांचा शोध घ्या, असा आदेश दंगलीनंतर जवळजवळ तीस वर्षांनी निघाला. जांभळाचे झाड त्या मानाने लवकर उचलले गेले म्हणायचे!

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नाव कळणे ही जवाबदेहीची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. कथेतल्या शासनाला नाव नव्हते म्हणून शायर मेला. प्रत्यक्षात नावे छापली गेली, तरी जवाब मिळाला नाही. आणि आता तर पहिली पायरीही निसरडी होऊ लागली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात बदल केला आणि वैयक्तिक माहिती जनहितासाठी देता येण्याची जी तरतूद त्या पोटकलमातच होती, ती तिथून काढली. उद्या कोणी साहेब 'माझे नाव ही माझी खासगी बाब आहे' असे म्हणाले तर नवल वाटायला नको.

या कथेचे पुढे जे झाले तेही कथेला शोभणारेच आहे. २०१९ मध्ये आयसीएसई मंडळाने दहावीच्या हिंदी अभ्यासक्रमातून 'जामुन का पेड़' वगळली, ती २०२० आणि २०२१ च्या परीक्षांसाठी. कारण काय, तर ती त्या वयाच्या मुलांना योग्य नाही. ज्या मुलांना दोन-तीन वर्षांत मतदानाचा हक्क मिळणार, त्यांना सचिवालयाच्या हिरवळीवर काय चालते ते कळू नये, हा विचार कोणत्या शिक्षणशास्त्रात बसतो? बी.एड्.ला आम्ही जे बालमानसशास्त्र शिकलो, त्यात तरी असे काही नव्हते.

तरीही कथेच्या मर्यादा सांगितल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही. पहिली अशी की, कृष्ण चंदर यांचा तंज इतका खुसखुशीत आहे की वाचक हसता हसता सर्वांना माफ करून टाकतो. अतिशयोक्तीचा तो दोष आहे. कचेरी वेडी ठरली की दोषी कोणीच उरत नाही. दुसरी अशी की, पंतप्रधान शेवटी जबाबदारी घेतात आणि कथा ते घेणे फार सहज जाऊ देते. माणूस मेल्यावर घेतलेल्या जबाबदारीची किंमत काय, हे विचारायला कथेत कोणी उभे राहत नाही. तिसरी मर्यादा माळ्याची. साऱ्या कथेत माणुसकी असलेला तो एकटा. तो शायराला घास भरवतो, धीर देतो, बातमी आणतो. पण तोही हुकमाची वाट पाहतो. लेखकाने त्याला करुणा दिली, आवाज दिला नाही. एकदाही तो कोणाला 'का?' असे विचारत नाही. आम्हांला ही कथेतील सर्वांत दुखरी जागा वाटते.

हा माळी म्हणजे आपण सामान्य माणसे. आणि हिरवळ काही फक्त मंत्रालयासमोर नसते. आपल्या शिक्षणसंस्था, वक्फच्या मिळकती सांभाळणाऱ्या समित्या, पतपेढ्या, साहित्यसंस्था यांच्या अंगणातही जांभळे पडलेली आहेत. ज्या संस्थेच्या भिंतीवर 'इल्म' आणि 'दयानत' हे शब्द सुंदर नस्तालीकमध्ये रंगवलेले असतात, तिथेच शिक्षकाच्या नेमणुकीला 'डोनेशन' किती, याची चर्चा दाराआड चालते. सरकारकडे बोट दाखवणारे विश्वस्त सभेत जमाखर्चाचा कागद मागणाऱ्या सभासदाला 'कौम का दुश्मन' ठरवतात. माहितीचा अधिकार अनुदानित शाळांनाही लागू आहे, हे अशा संस्थाचालकांना चांगले ठाऊक असते, पालकांना नसते. ज्या मापाने आपण श्रीकृष्ण अहवालाची फाइल मोजतो, त्याच मापाने मोहल्ल्यातील संस्थेची वहीही मोजली पाहिजे. दोन मापे ठेवणे हीही रियाकारीच.

म्हणून शिक्षक मित्रांना आमचे सांगणे आहे की अभ्यासक्रमात असो वा नसो, ही कथा वर्गात वाचा. मुलांना पोटभर हसू द्या. हसणे ओसरले की त्यांना कागद-पेन देऊन कथेचा पुढचा भाग लिहायला सांगा. त्यात माळी दहा रुपये घेऊन माहिती अधिकाऱ्याच्या दाराशी उभा आहे आणि विचारतो आहे, फाइल कोणत्या दिवशी कोणाच्या टेबलावर होती आणि तिच्यावर सही कोणाची आहे?