‘मेकॅनिकल घ्या, जन्मभर चालेल’: एका समजुतीची तपासणी

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘मेकॅनिकल घ्या, जन्मभर चालेल, इलेक्ट्रॉनिक एक दिवस शोकेसमध्ये जाऊन बसेल.’ आज आम्ही हे वाक्यच तपासायला घेतलं आहे. ते अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं महागात पडतं.

उदाहरणं दोन घेऊ. कॅनन एई-१, १९७६ चा, आणि निकॉन एफएम२, १९८२ चा. एई-१ मध्ये शटर किती वेळ उघडं राहणार हे सर्किट ठरवतं. सेल काढला की शटर पडतच नाही. एफएम२ मध्ये हेच काम स्प्रिंगा आणि दंतचक्रं करतात. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. तो संपला तरी १/४००० सेकंदापर्यंतचे सगळे वेग हाताशी. इथपर्यंत आम्हाला मान्य आहे.

पण ‘चालतो’ म्हणजे काय? कपाटात वीस वर्षं पडलेल्या मेकॅनिकल कॅमेऱ्यातलं वंगण घट्ट होतं. बटण दाबलं, खट्ट आवाज आला, की आपण खूश! प्रत्यक्षात १/१००० वर लावलेलं शटर १/५०० ने पडत असेल, तर फिल्मवर दुप्पट उजेड गेला. निगेटिव्ह फिल्म ते सोसते, स्लाइड फिल्म सोसत नाही. सेल संपलेला एई-१ निदान गप्प तरी बसतो; हा बिघडलेला कॅमेरा चालू असल्याचं भासवतो.

आता एई-१ चं प्रसिद्ध दुखणं बघा. फोटो काढताना येणारा कुईं आवाज. तो सर्किटचा दोष नाही, बरं का. आरशाच्या यंत्रणेतलं वंगण सुकल्याचा आहे. उजेड अडवणाऱ्या फोमच्या पट्ट्या तर दोन्हींत चिकट होऊन झडतात. आणि आपल्या पावसाळ्यात लेन्सवर चढणारी बुरशी आत शटर कुठलं आहे ते विचारत नाही.

मग फरक कुठे? दुरुस्तीत. झिजलेलं चक्र कारागीर दुसऱ्या कॅमेऱ्यातून काढून बसवेल, जमलं तर लेथवर करून घेईल. एई-१ ची खास चिप अशी करून घेता येत नाही. दुसरा एई-१ फोडावा लागतो. तो लाखोंनी विकला गेला, म्हणून आज तरी सापडतो.

पण त्या लेथपाशी जाणारा माणूस हवा ना! पेंटॅक्सने २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ हा नवा फिल्म कॅमेरा आणला. फिल्म हाताने ओढायची, शटर मात्र इलेक्ट्रॉनिक. तो घडवताना जुन्या इंजिनिअरांचं ज्ञान नव्यांना मिळवावं लागलं. खुद्द कारखान्याची ही गत, तर गल्लीतल्या दुकानाचं काय?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: कॅमेरा घेताना आधी विचारा, हा उघडणार कोण? घरात आजोबांचा कॅमेरा असेल तर अधूनमधून सगळ्या वेगांवर शटर पाडा, सेल आत विसरू नका. आणि ओळखीचा कारागीर अजून दुकान उघडत असेल, तर कॅमेरा बिघडायची वाट न बघता त्याच्याकडे नेऊन या. त्याला काम मिळत राहिलं, तरच तो तिथे राहील.