छोटी गाडी, कडक हिवाळा आणि छेदात दडलेलं उत्तर

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं आणि तिथल्या पर्यावरण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं, वाहनांच्या इंधनखर्चावर एक संयुक्त संकेतस्थळ आहे. त्यात थंडीवर एक छोटंसं पान आहे. मिनेसोटात किंवा मिशिगनमध्ये नवी छोटी गाडी घेतलेला माणूस पहिल्याच डिसेंबरात चक्रावतो. स्टिकरवर एक आकडा, टाकीतून निघणारा दुसराच. तो शोधत शोधत याच पानावर येऊन पोचतो. पान सरकारी, भाषा सोपी, आकडे मोजलेले. म्हणूनच ते नीट, जरा खडूसपणे वाचू या. संशोधनाला बसण्याआधी असं एखादं 'निरुपद्रवी' पान फोडून बघण्याइतका चांगला सराव दुसरा नाही.

पान काय म्हणतं ते आधी. साध्या पेट्रोल गाडीचं शहरातलं मायलेज ७७ अंश फॅरनहाइटच्या (२५ सेल्सिअस) तुलनेत २० अंश फॅरनहाइटला (उणे ७ सेल्सिअसच्या आसपास) साधारण १५ टक्क्यांनी घटतं. तीन-चार मैलांच्या छोट्या फेऱ्यांमध्ये ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. हायब्रिडमध्ये ती ३० ते ३४ टक्के. त्यानंतर कारणांची यादी येते: गार तेलामुळे वाढलेलं घर्षण, इंजिन तापायला लागणारा वेळ, काच साफ करणारे हीटर आणि गरम सीट, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं, जड हवा, टायरमधला कमी दाब, हिवाळी पेट्रोल.

यात चूक काही नाही, हे आधीच सांगतो. माझा आक्षेप वेगळा आहे: यादीतल्या सगळ्या कारणांना एकाच मापाची टिंबं दिली आहेत. वाचकाला वाटतं सगळी सारख्याच वजनाची. शोधप्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात 'या घटनेची कारणे पुढीलप्रमाणे' असं लिहून आपण जे करतो, तेच हे. मार्गदर्शक तिथे लाल पेनाने लिहितात, 'किती?'

तर किती ते बघू. कागद-पेन पुरेल.

टायर. दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. २५ अंशांना ३२ पीएसआय भरलेला टायर उणे ७ ला साधारण २७ वर येतो (वातावरणाचा दाब मिळवून गणित करायचं, नाहीतर उत्तर चुकतं). पाच पीएसआयची घट. आता त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानावर दिलंय की दाब १ पीएसआयने उतरला तर मायलेज सुमारे ०.२ टक्के घटतं. म्हणजे सगळं मिळून एक टक्का. हवा भरा, जरूर भरा, टायर जास्त टिकतील आणि गाडी ताब्यात राहील. पण १५ टक्क्यांचं कोडं त्याने सुटत नाही.

पेट्रोल. हिवाळ्यात इंजिन पटकन पेटावं म्हणून जास्त बाष्पशील मिश्रण विकलं जातं, त्यात ब्यूटेनचं प्रमाण जास्त असतं, आणि त्याची प्रति लिटर ऊर्जा किंचित कमी असते. घट दीड-दोन टक्क्यांची. गंमत म्हणजे गार पेट्रोल आकुंचन पावतं, त्यामुळे मोजलेल्या लिटरमध्ये ते थोडं जास्तच येतं. कॅनडात पंपावर १५ अंश सेल्सिअस धरून आकारमान दुरुस्त करतात, अमेरिकेत किरकोळ पंपांवर सहसा करत नाहीत. म्हणजे एकाच गाडीचा हिवाळ्यातला आकडा सीमेच्या अलीकडे-पलीकडे किंचित वेगळा निघू शकतो, गाडीत काहीही फरक नसताना!

हवा. घनता तापमानाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून उणे ७ ला हवा २५ अंशांपेक्षा सुमारे १२ टक्के जड. महामार्गावर गाडीची जवळपास निम्मी ताकद हवा कापण्यात जाते असं धरलं तर पाच-सहा टक्के खर्च वाढेल. पण थांबा. पानावरचा १५ टक्क्यांचा आकडा शहरातल्या वाहतुकीचा आहे. सिग्नल-सिग्नलवर थांबणाऱ्या गाडीला वाऱ्याचं काय पडलंय? आकडा शहराचा आणि कारण महामार्गाचं, दोन्ही एकाच यादीत. वाङ्मयाचा आढावा घेताना ही चूक सर्रास होते: निष्कर्ष एका नमुन्याचा, स्पष्टीकरण दुसऱ्याचं.

म्हणजे उरलेला मोठा वाटा इंजिन-गिअरबॉक्सच्या गारठ्याचा, विजेवर चालणाऱ्या उपकरणांचा आणि उभ्या उभ्या इंजिन चालवण्याचा. पानावर यातल्या प्रत्येकाला एकेक टिंब मिळालंय. खरं तर लेख याच्यावरच हवा होता.

इंजिनाच्या बाबतीत एक सापळा आहे, आणि हुशार विद्यार्थीच त्यात जास्त पडतात. ते असं गणित मांडतात: इंजिनाचं धातू, तेल, पाणी मिळून इतके किलो, उणे ७ पासून ९० पर्यंत तापवायला इतके मेगाज्यूल, म्हणून इतकं जास्त पेट्रोल. दिसायला एकदम भौतिकशास्त्र. पण पेट्रोल इंजिन मुळात इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून फेकूनच देतं. इंजिन तापतं ते या फेकलेल्या उष्णतेवर, तिचं वेगळं बिल येत नाही. (केबिनमधली गरम हवाही याच कारणाने जवळजवळ फुकट. विजेच्या गाडीत ती फुकट नाही, म्हणून त्या गाड्यांची रेंज थंडीत इतकी आपटते.) खरा खर्च गार असतानाच्या काळात होतो. तेलाचा घट्टपणा ४० अंशांना १०० अंशांच्या पाच-सहा पट असतो, आणि गोठणबिंदूखाली तो कितीतरी पटींनी वाढतो. पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला मिश्रण गरजेपेक्षा जास्त इंधनाचं ठेवावं लागतं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून ठिणगी मुद्दाम उशिरा टाकून गरम धूर तिकडे पाठवला जातो, त्यातही इंधन जातं. नव्या छोट्या गाड्यांमध्ये सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असते, थंडीत ती बराच वेळ चालतच नाही. म्हणजे स्टिकरवरच्या आकड्याला ज्या युक्तीने हातभार लावला, तीच नेमकी हिवाळ्यात रजेवर.

आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं. पुन्हा याच संकेतस्थळाचा आकडा घेऊ: इंजिनाच्या आकारानुसार ताशी पाव ते अर्धा गॅलन. लहान इंजिन म्हणून पाव गॅलन, म्हणजे ०.९५ लिटर धरू. दहा मिनिटांचे झाले ०.१६ लिटर. ऑफिस ५ किलोमीटरवर आणि गाडी १५ चं ॲव्हरेज देणारी असेल तर प्रवासाला लागतात ०.३३ लिटर. निव्वळ उभं राहून जवळपास निम्मा खर्च वाढला, ॲव्हरेज १५ वरून १० वर. टायरचा एक टक्का आणि हा! दोघांना एकाच यादीत सारखी जागा देणं हे माझ्या मते या पानाचं सगळ्यात मोठं अपयश आहे.

आता हायब्रिडच्या ३०-३४ टक्क्यांकडे. पान सरळ सांगतं की हायब्रिडची घट जास्त. त्यावरून 'काटकसरी गाड्या थंडीत मार खातात' असा निष्कर्ष काढला जातो, आणि नव्या छोट्या गाडीचा मालकही स्वतःला त्याच रांगेत बसवतो. इथे छेदाकडे बघा. आपण 'गाडी किती देते' विचारतो, म्हणजे लिटरमागे किलोमीटर. खर्च मात्र किलोमीटरमागे लिटरमध्ये होतो. हे दोन एकमेकांचे व्यस्त आहेत, आणि व्यस्त केलं की टक्के बदलतात. मायलेज १५ टक्क्यांनी घटलं तर पेट्रोल १५ नाही, १७.६ टक्के जास्त लागतं. २४ टक्क्यांनी घटलं तर जवळजवळ ३२ टक्के.

समजा चार गाड्या आहेत. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पानावरच्या टक्क्यांनी कमी केलेत. २० देणारी हायब्रिड ३२ टक्क्यांनी घसरून १३.६ वर आली: १०० किलोमीटरला ५ ऐवजी ७.३५ लिटर, म्हणजे २.३५ ची वाढ. १५ देणारी छोटी पेट्रोल गाडी १५ टक्क्यांनी घसरून १२.७५ वर: वाढ १.२ लिटरच्या आत. १० देणारी मध्यम गाडी: वाढ १.७६. आणि ७ देणारी दांडगी एसयूव्ही, तीही फक्त १५ टक्क्यांनीच घसरली: वाढ २.५ लिटर. टक्क्यांत हायब्रिड सगळ्यात वाईट; लिटरमध्ये एसयूव्ही तिच्याही पुढे, आणि छोटी पेट्रोल गाडी सगळ्यात शहाणी. शिवाय थंडीतली हायब्रिडसुद्धा उन्हाळ्यातल्या छोट्या पेट्रोल गाडीच्या फार मागे नाही. हे पानावर कुठेच दिसत नाही, कारण पान टक्क्यांवर थांबतं.

हा भ्रम नवा नाही. ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली 'सायन्स'मध्ये दाखवलं की लोक मैल-प्रति-गॅलन वाचून बचतीचा अंदाज पद्धतशीरपणे चुकवतात. २०१३ च्या मॉडेलपासून अमेरिकेच्या स्टिकरवर १०० मैलांमागे किती गॅलन हेही छापतात. याच सरकारी यंत्रणेचं थंडीवरचं पान मात्र जुन्याच मापात बोलत राहतं.

छोट्या गाडीची बाजू पूर्ण निर्दोष आहे असंही नाही. मागच्या काचेचा हीटर, पंखा, दिवे, गरम सीट, मिळून ५०० वॉट धरा. पेट्रोलपासून वीज बनवण्याची कार्यक्षमता २०-२५ टक्के मानली तर ताशी पाव लिटर पेट्रोल यातच जातं. शहरात ताशी २५ किलोमीटरने चालणारी १५ ची गाडी तासाला १.६७ लिटर पिते, तिच्यासाठी हे १५ टक्के झाले. १०० किलोमीटरला १२ लिटर पिणाऱ्या मोठ्या गाडीला तेच ८ टक्के. काच तेवढीच, भार तेवढाच, छेद लहान. हीटर बराच वेळ बंद असतो म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी येईल, पण दिशा हीच.

एक शब्द मात्र सगळ्यांनी लिहून ठेवा: 'कोल्ड स्टार्ट'. चाचण्यांच्या भाषेत त्याचा अर्थ हिवाळा नाही. गाडी रात्रभर खोलीच्या तापमानाला उभी ठेवून सुरू केली की झाला कोल्ड स्टार्ट. अमेरिकेची शहरी चाचणी २० ते ३० अंशांतच होते. युरोपची जुनी एनईडीसी चाचणी त्याच पट्ट्यात व्हायची, ११ किलोमीटरची. तिच्या जागी २०१७ पासून आलेली डब्ल्यूएलटीपी २३ अंशांना होते आणि युरोपात १४ अंशांसाठी दुरुस्ती करते. उणे ७ ची चाचणी युरोपात होती, पण प्रदूषणासाठी. ग्राहकाच्या आकड्यात ती उतरत नव्हती. अमेरिकेने २००८ च्या मॉडेलपासून २० फॅरनहाइटची चाचणी स्टिकरच्या हिशेबात घेतली, तीही पाचांपैकी एक म्हणून. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयचा आकडा ज्या चक्रावर निघतो ते एनईडीसीचंच भावंड. तेव्हा एखाद्या शोधनिबंधात 'कोल्ड स्टार्टचा इंधनावरील परिणाम' असं शीर्षक दिसलं की आधी पद्धतीच्या भागात तापमान शोधा. दिलं नसेल तर निबंध बाजूला ठेवा.

आणि 'नवी' गाडी? हेच संकेतस्थळ सांगतं की नवं इंजिन पूर्ण मोकळं व्हायला तीन ते पाच हजार मैल लागू शकतात. ऑक्टोबरात घेतलेली गाडी एप्रिलपर्यंत साधारण तेवढी चालते. म्हणजे इंजिन मोकळं होणं आणि हिवाळा संपणं एकाच वेळी घडतं. वसंतात ॲव्हरेज सुधारलं की एक म्हणतो 'इंजिन बसलं', दुसरा म्हणतो 'थंडी गेली', तिसरा मधल्या काळात टाकीत ओतलेल्या महागड्या बाटलीला श्रेय देतो. एका गाडीच्या एका हिवाळ्यातून यातलं काहीच वेगळं करता येत नाही. दुसरा हिवाळा लागतो.

मोजमापाचंही तेच. टाकी फुल्ल करून हिशेब काढताना पंपाचा नोझल एक लिटर अलीकडे-पलीकडे तुटला तर २५ लिटरच्या भरण्यात ४ टक्क्यांची चूक. एका भरण्यावरून हिवाळी पेट्रोलचे दोन टक्के कुणी 'सिद्ध' केले असतील तर त्यांनी नोझल मोजलाय.

कुणाला खरंच यावर छोटा प्रकल्प करायचा असेल तर थंड प्रदेशातले ब्लॉक हीटर बघा. रात्री विजेवर इंजिन कोमट ठेवणारं हे यंत्र कॅनडात आणि उत्तर अमेरिकी राज्यांत नेहमीचं आहे. तीच गाडी, तोच ५ किलोमीटरचा रस्ता, एक आड एक दिवस हीटर लावून आणि न लावता. टायर, पेट्रोल, हवा तिन्ही जवळपास सारखी राहतात, फक्त इंजिनाचं सुरुवातीचं तापमान बदलतं. दोन्हींत जो फरक निघेल तो गार इंजिनाचा. चालकाला मात्र कुठल्या दिवशी हीटर लावला ते कळू देऊ नका, आणि हीटरने खाल्लेली वीज हिशेबात धरा.