समुद्रातून उगवलेला सूर्य

लहान मुलांनी स्वतःच्या मनाने लिहावे, अशी इच्छा अलीकडे सर्वत्र बोलून दाखविली जाते, आणि त्यासाठी शाळाशाळांतून रंगीबेरंगी 'लेखनकोपरे' सजू लागले आहेत. इच्छा स्तुत्यच होय. परंतु साधनालाच साध्य मानण्याची आपली जुनी खोड येथेही सुटलेली नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

पेडणे तालुक्यातील एका शाळेत असा एक कोपरा आम्ही पाहिला. भिंतीवर बर्फाची घरे आणि पेंग्विन पक्षी रंगविलेले होते. तेथेच मोरजीच्या एका मुलाची वही हाती आली. 'समुद्रकाठची सकाळ' या निबंधात त्याने लिहिले होते की, सूर्य समुद्रातून हळूहळू वर येतो. अक्षर वळणदार, शुद्धलेखन निर्दोष, खाली शाबासकीचा शेरा! मोरजीचा समुद्र पश्चिमेस आहे. तेथे सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो माडांमागून. हे त्या मुलाला पुरते ठाऊक असणार. पण लेखणी हाती घेताच त्याने आपल्या डोळ्यांपेक्षा फळ्यावरचा सूर्य खरा मानला. पुढच्या पानावर 'रेंव' हा त्याच्या घरचा शब्द तांबड्या शाईने खोडून तेथे 'वाळू' लिहिलेले होते. आमच्या मते या दोन चुका नसून एकच चूक आहे, आणि ती मुलाची नव्हे.

लेखनाला जागा लागते, हे खरे. पण ती कोणती? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे कामास आरंभ केला आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर चालविले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्या बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. पाने, बिया, शिंपले हीच तेथील साधने. अंगण हे मुलाचे राज्य असते. तेथे शिक्षक पाहुणा असतो, म्हणूनच त्याला ऐकावे लागते.

ऐकण्याचे हे महत्त्व टॉलस्टॉय यांनी १८६२ सालीच ओळखले होते. यास्नाया पोल्याना येथील आपल्या शाळेतील शेतकऱ्यांच्या मुलांबरोबर ते एक गोष्ट रचीत होते. फेडका नावाच्या मुलाने गोष्टीतील एका पुरुषाच्या अंगावर बायकी कोट चढविला. घाईत हाती लागेल ते अंगावर घालणारा माणूस त्या एका तपशिलाने जिवंत झाला, आणि लिहावयास कोणी कोणाकडून शिकावे, असा प्रश्न त्या थोर लेखकाला पडला. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकविणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी १९६३ च्या 'टीचर' या ग्रंथात आपली रीत सांगितली आहे: मुलाला हवा असलेला शब्द त्यालाच विचारावा, पत्रावर लिहावा आणि त्याच्या हाती द्यावा. भयाचे आणि मायेचे शब्द मुले विसरत नसत. आपल्याकडे लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयानेही अनुभवाला पाठ्यपुस्तकाच्या बरोबरीचा मान दिला.

यावर कोणी म्हणेल, मग प्रमाण मराठी शिकवावयाची केव्हा? आम्ही तिचे वैरी नव्हे. 'वाळू' हा शब्द मुलास अवश्य यावा. मात्र तो 'रेंव'च्या शेजारी यावा, तिच्या प्रेतावर नव्हे. पेडण्याच्या मुलाला कोंकणी आणि मराठी अशी दोन दालने जन्मतःच लाभली आहेत. त्यांतील एकाला कुलूप घालून त्याच्या प्रतिभेसाठी तिसरे कागदी दालन उभारणे, हा कोणता न्याय?

मोरजीच्या टेंब भागात थंडीच्या दिवसांत कासवे वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात सुमारे शंभर अंडी असतात. तीं वन खात्याच्या राखणीत सुमारे पन्नास दिवसांनी फुटतात आणि पिले समुद्राकडे निघतात. शिक्षकाने मुलांना कुंपणाबाहेर बसवावे, पाहू द्यावे, बोलू द्यावे. आणि प्रथम स्वतःच त्यांचे बोल जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. आपण बोललो ते लिहिले जाते, वाचले जाते, ही जाणीव झालेले मूल उद्या स्वतः लेखणी मागेल.

सजावटीचा खर्च खुशाल व्हावा. परंतु त्यापूर्वी त्या मुलाला कोणी तरी एकदा विचारावे, "बाबा, तुझा सूर्य कुठून उगवतो?"