पर्वतीची राखीव जागा : यादीपलीकडचे वाचन

निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रे मतदारसंघांचा इतिहास छापतात. कोणत्या साली कोण निवडून आला, कोणत्या पक्षाचा, किती मतांनी. एवढे चौकटीत बसवले की इतिहास संपतो. चळवळीतले आपले लेखनही बहुधा हीच यादी हाती घेते आणि तिच्याखाली एक शेरा मारते : हे आपले प्रतिनिधी नव्हेत, हे पक्षांचे गुलाम. पहिल्या लेखनात दलित माणूस नुसता आकडा असतो, दुसऱ्यात तो नुसता गद्दार असतो. या दोन्ही वाचनांनी माझे समाधान होत नाही. पुणे शहरातील पर्वती मतदारसंघाची राखीव जागा समोर ठेवून मी हीच यादी वेगळ्या बाजूने वाचू पाहतो. कोण निवडून आले हे सर्वांना ठाऊक आहे. पण ही जागा कोणाची डोकी मोजून ठरली आणि ती लढवण्याचा अधिकार कोणाला होता, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही.

पर्वती हे नाव आपल्या चळवळीला जुने आहे. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज त्यात पुढे होते. सत्याग्रहींवर दगड पडले, राजभोज जखमी झाले. ज्या टेकडीच्या पायऱ्यांवर दलितांना अडवले गेले, तिच्याच नावाचा विधानसभा मतदारसंघ पुढे अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. मंदिराचा दरवाजा बंद होता. विधानसभेचा उघडला, असे कोणी म्हणेल. तो दरवाजा किती उघडला होता, हेच तपासायचे आहे.

त्यासाठी याच शहरातल्या येरवडा तुरुंगापाशी जावे लागते. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. जागा १४८ झाल्या, मतदारसंघ मात्र संयुक्त झाले. एक आडोसा शिल्लक ठेवला होता : प्रत्येक जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्या चौघांतून सर्वांनी एक. १९४६ च्या निवडणुकीत हा आडोसाही किती तकलादू आहे ते दिसले. प्राथमिक फेरीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या मागे उभी राहिलेली दलित मते अंतिम फेरीत सवर्ण मतांच्या लोंढ्यात वाहून गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये फेडरेशनने पुण्यातच, मुंबई प्रांताच्या विधिमंडळाचे अधिवेशन भरले असताना सत्याग्रह केला आणि पुणे कराराचा निषेध केला. म्हणजे करार ज्या शहरात झाला, त्याच शहरात चौदा वर्षांनी त्याच्या विरोधात माणसे तुरुंगात गेली. घटनेने राखीव जागा कायम ठेवल्या. प्राथमिक फेरी ठेवली नाही.

आता पर्वतीची यादी पाहू. १९७८ ते २००४ या काळातल्या सातही विधानसभा निवडणुकांत ही जागा राखीव होती. १९९० साली काँग्रेसचे शरद रणपिसे, १९९५ साली भारतीय जनता पक्षाचे दिलीप कांबळे, १९९९ साली त्याच पक्षाचे विश्वास गांगुर्डे, २००४ साली काँग्रेसचे रमेश बागवे निवडून आले. नंतर पुनर्रचना झाली आणि २००९ पासून राखीव जागा पर्वतीहून पुणे कॅन्टोन्मेंटकडे गेली. तेथे २००९ साली पुन्हा बागवे, २०१४ साली पुन्हा दिलीप कांबळे, २०१९ आणि २०२४ साली त्यांचे बंधू सुनील कांबळे विजयी झाले. १९९० पासूनच्या या आठ निवडणुकांत काँग्रेस तीनदा, भाजप पाचदा. रिपब्लिकन पक्षाच्या कोणत्याही गटाच्या चिन्हावर एकदाही कोणी निवडून आले नाही.

यादी एवढेच सांगते. ती काय सांगत नाही, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते.

राखीव जागांची संख्या घटनेच्या ३३२ व्या कलमाप्रमाणे राज्यातील अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरते. पर्वती ज्या पुनर्रचनेत राखीव झाली, तिला १९७१ च्या जनगणनेचा आधार होता. त्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ३२ लाखांहून अधिक होती. अनुसूचित जाती म्हणून नोंदलेले लोक त्याहून कमी, ३० लाखांच्या आसपास होते. हे बौद्ध बहुसंख्येने कोण, हे सांगायला नको. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू आणि शीख यांच्याखेरीज अन्य धर्माचा माणूस अनुसूचित जातीत धरला जात नव्हता. म्हणून २८८ जागांच्या विधानसभेत अनुसूचित जातींच्या वाट्याला १८ जागा आल्या, म्हणजे सहा टक्क्यांच्या जरा वर. बाबासाहेबांच्या मागे धम्मात गेलेला समाज या हिशेबात नव्हताच.

मोजण्यात नव्हता आणि उभे राहण्यातही नव्हता. १९६२ साली महाराष्ट्र विधानसभेच्या राखीव जागेवर निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. तेवढ्या कारणाने १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निवड अवैध ठरवली. राज्य सरकारने नवबौद्धांना शिक्षणात, नोकरीत सवलती दिल्या. पण विधिमंडळाची राखीव जागा ही घटनेच्या आदेशाची बाब असल्याने तेथे राज्याची सवलत चालत नव्हती. हा आदेश बदलला जून १९९० मध्ये. त्या वर्षीची विधानसभेची निवडणूक त्याआधीच, फेब्रुवारीत, होऊन गेली होती. म्हणजे १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० या चार निवडणुकांत पर्वतीच्या राखीव जागेवर उघडपणे बौद्ध म्हणवणारा माणूस कायद्याने उभाच राहू शकत नव्हता. ज्याला उभे राहायचे त्याने कागदावर हिंदू राहावे आणि विहारात बौद्ध. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसापुढे कायद्याने ठेवलेली ही निवड होती : धम्म की उमेदवारी.

अभ्यासवर्गात मी हा मुद्दा मांडतो तेव्हा तरुण कार्यकर्ते चमकतात. आंबेडकरी पक्षांना राखीव जागा का जिंकता आल्या नाहीत, याची कारणे त्यांना पाठ असतात : गटबाजी, पुढाऱ्यांचा स्वार्थ, काँग्रेसने केलेली फोडाफोड. ही कारणे खोटी नाहीत. पण शर्यतीत धावणाऱ्याच्या दोषांची चर्चा करताना त्याला शर्यतीतून वगळले होते, हे आधी सांगायला हवे. उमेदवारीचे दार १९९० साली उघडले. मोजणीतला अन्याय त्यानंतरही चालू राहिला, कारण जागांची संख्या जुन्याच जनगणनेला बांधलेली होती. २००१ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण दहा टक्क्यांवर दिसले आणि त्या आधाराने २००९ साली राखीव जागा १८ वरून २९ झाल्या. धर्मांतराला तेव्हा ५३ वर्षे होत होती.

त्याच २००९ साली पर्वती खुली झाली. येथे यादीतला आणखी एक अर्थ हाती लागतो. आरक्षण कॅन्टोन्मेंटकडे सरकले तसे बागवे आणि कांबळे हे दोन्ही माजी आमदारही त्याच्यामागे सरकले. यात त्यांचा वैयक्तिक दोष मी पाहत नाही. मोठे पक्ष दलित उमेदवाराला खुल्या जागेवर क्वचितच उभे करतात. मग त्याने जावे कोठे? पण परिणाम पाहा. पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत जागची हलली नाही. दांडेकर पुलाची वस्ती हलली नाही. प्रतिनिधी मात्र हलला. याचा अर्थ त्याचे नाते वस्तीशी नव्हते, राखीव या शिक्क्याशी होते. नाते वस्तीशी असते, तर शिक्का गेल्यावरही ते पर्वतीतच मत मागू शकले असते, आणि पक्षाला ते मान्य करावे लागले असते.

पुणे शहरात एकाही विधानसभा मतदारसंघात अनुसूचित जातींची बहुसंख्या नाही. तेव्हा राखीव जागेवरही निकाल लावणारे मत दुसऱ्याचे असते. हे दुखणे घटना समितीतही बोलून दाखवले गेले होते. ऑगस्ट १९४७ मध्ये एस. नागप्पा यांनी सुचवले होते, की राखीव जागेवर विजयी व्हायचे तर उमेदवाराने स्वतःच्या समाजाची किमान ३५ टक्के मते मिळवलीच पाहिजेत. ही सूचना मान्य झाली नाही. त्यामुळे राखीव जागेवर निवडून आलेल्या कोणत्याही आमदाराला त्याच्या समाजाने निवडले की नाकारले, हे आजही अधिकृतपणे कोणाला सांगता येत नाही.

२४ सप्टेंबर १९८२ रोजी, कराराला ५० वर्षे झाली त्या दिवशी, कांशीराम यांनी ‘चमचा युग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या कामाची सुरुवात याच पुण्यातली. संयुक्त मतदारसंघातून प्रस्थापितांच्या सोयीची माणसे घडतात, हे त्यांचे निदान मला मोलाचे वाटते. पण आपल्याकडे ते निदान लवकरच शिवी बनले. कांशीराम रचनेबद्दल बोलत होते. आपण माणसांची नावे घेऊ लागलो. चमचा बदलला की जेवण बदलेल, असे समजून प्रत्येक निवडणुकीत नवा प्रामाणिक माणूस शोधू लागलो. बौद्ध, मातंग, चर्मकार अशी गणिते मांडून पक्ष उमेदवारी देतात आणि आपण त्याच गणितात एकमेकांना चमचे ठरवतो. यातून रचनेला धक्काही लागत नाही.

मतविभागणीचा युक्तिवादही असाच अपुरा आहे. २०१९ साली कॅन्टोन्मेंटमध्ये विजयातला फरक सुमारे ५,००० मतांचा होता आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला त्याहून अधिक मते पडली. लगेच विभागणीचा ठपका ठेवला गेला. पण त्या निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदानच केले नाही. जे आले नाहीत ते का आले नाहीत, यावर चर्चा झाली नाही. दोन उमेदवारांपैकी कोणीही आले तरी आपल्या नळाला येणारे पाणी आणि डोक्यावरचा पत्रा तोच राहणार, असे ज्याला वाटते, त्याचे घरी बसणे हेही एक मत आहे.

स्वतंत्र मतदारसंघ मिळाले असते तर सारे सुरळीत झाले असते, असा माझा दावा नाही. तशा मतदारसंघातही पैसा चालला असता, पोटजाती चालल्या असत्या. पण निवडून आलेल्याला आपल्या समाजापुढे उभे राहून जाब द्यावा लागला असता. आजच्या रचनेत हा जाब मागण्याची जागाच नाही.

ती जागा निर्माण करण्याचे एक साधे काम आपल्या हातात आहे. निवडणूक आयोग प्रत्येक मतदानकेंद्रावरची मते फॉर्म २० मध्ये नोंदवतो आणि तो कागद कोणालाही पाहता येतो. पर्वतीच्या आणि कॅन्टोन्मेंटच्या वस्त्यांमधली केंद्रे निवडावीत, प्रत्येक निवडणुकीची मते शेजारी शेजारी मांडावीत, आणि विजयी उमेदवाराला वस्तीने किती मते दिली ते पाहावे. वस्तीत अनेक जाती असतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळ राहील. तरीही नागप्पांनी १९४७ साली मागितलेली कसोटी आपल्यालाच लावून पाहता येईल. महाविद्यालयातल्या चार विद्यार्थ्यांनी एका सुटीत करावे एवढेच हे काम आहे. ते झाले की मतदारसंघाचा इतिहास विजयी उमेदवारांच्या नावांनी सुरू होणार नाही. जनता वसाहतीच्या मतदानकेंद्रापासून सुरू होईल.