लीनता आणि लाचारी : संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचे एक वाचन

मठवासीयांसाठी लिहिलेला ग्रंथ प्रापंचिकांनी का वाचावा, असा प्रश्न वाचकांपैकी काहीजण विचारतील. प्रश्न रास्त आहे. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात इटलीतील मोन्ते कस्सीनो येथील मठात आपली नियमावली सिद्ध केली. एक प्रस्तावना आणि ७३ प्रकरणे एवढाच तिचा विस्तार आहे. प्रार्थनेच्या वेळा, निजण्याची व्यवस्था, रोजच्या भाकरीचे वजन, स्वयंपाकाच्या पाळ्या, पाहुण्यांचे आगतस्वागत असे नित्याचे विषय तीत येतात. घर चालविणाऱ्यास यांतले फारसे काही परके वाटण्याचे कारण नाही.

या नियमावलीचे सातवे प्रकरण लीनतेवर आहे आणि तेच सर्वाधिक वाचले जाते. याकोबाने स्वप्नात पाहिलेली शिडी संत बेनेडिक्ट येथे उभी करतात. आपला देह आणि आत्मा या तिच्या दोन बाजू. गर्वाने माणूस ती उतरतो, लीनतेने चढतो. पायऱ्या बारा. परमेश्वर आपणांस सतत पाहत आहे या जाणिवेपासून आरंभ होतो. पुढे स्वतःच्या इच्छेचा हट्ट सोडणे, आज्ञापालन, सोसणे, मनातले खोटे विचार उघड करणे, हलक्यात हलके मिळाले तरी समाधान मानणे, आपण सर्वांहून कनिष्ठ आहोत असे अंतःकरणापासून मानणे, अशी चढण आहे. शेवटी मौन, हास्याचा संयम, मृदू बोलणे आणि खाली झुकलेली नजर. शिडीच्या माथ्यावर भय संपते आणि प्रीती उरते. रचनेच्या दृष्टीने हे प्रकरण अत्यंत रेखीव आहे, यात शंका नाही.

तथापि वऱ्हाडात बसून ते वाचताना सहाव्या आणि सातव्या पायरीवर आमचे पाऊल अडखळते. हलक्यात हलके पत्करावे, स्वतःस सर्वांहून खालचे मानावे, हा उपदेश कोणी कोणास करावयाचा? ज्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या सालदार मालकासमोर मान खाली घालून उभा राहिला, जेथे १९२७ साली अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरात पाऊल ठेवता यावे म्हणून माणसांना चळवळ करावी लागली, तेथे झुकलेली नजर हा सद्‌गुण नव्हता. ती सक्ती होती. जी सून सर्वांची ताटे झाल्यावर उरलेसुरले खाते, तिला सहावी पायरी शिकविण्यात कसले पुण्य? लीनता आणि लाचारी बाहेरून सारख्याच दिसतात. दोहोंतही पाठ वाकलेली असते. मात्र लीन मनुष्य आपण होऊन वाकतो आणि लाचाराला दुसऱ्याने वाकविलेले असते.

सातवे प्रकरण सुटे काढून वाचले तर हा भेद पुसला जाण्याचा धोका आहे, आणि भक्तिपुस्तिकांतून ते बहुधा सुटेच वाचले जाते. आमचा आक्षेप आहे तो या वाचनावर. कारण त्याच नियमावलीची इतर प्रकरणे समोर ठेवली की चित्र पालटते. दुसऱ्या प्रकरणात मठाधिपतीस बजावलेले आहे की, गुलामगिरीतून आलेल्या बंधूच्या वर केवळ कुलीन जन्मासाठी कोणास बसवू नये. ६३ वे प्रकरण सांगते की, मठातील क्रम वयावर वा प्रतिष्ठेवर ठरत नाही, प्रवेशाच्या वेळेवर ठरतो. पहिल्या प्रहरी आलेला दुसऱ्या प्रहरी आलेल्याच्या पुढे, मग मागून आलेला कितीही मोठा असो. महत्त्वाच्या प्रसंगी सर्वांचा सल्ला घ्यावा, कारण पुष्कळदा प्रभू धाकट्यालाच उत्तम ते सुचवितो, असे तिसरे प्रकरण म्हणते. आणि न झेपणारे काम सांगितले गेल्यास योग्य वेळी, शांतपणे आपली अडचण वरिष्ठांपुढे मांडण्याची मुभा ६८ व्या प्रकरणात दिलेली आहे.

संत बेनेडिक्ट यांनी शिडी उभी केली ती अशा सपाट केलेल्या जमिनीवर. जन्माची उच्चनीचता आधी दूर करावयाची आणि मगच लीनतेची अपेक्षा धरावयाची, हा त्यांचा क्रम आहे. आपण पहिला भाग गाळून दुसऱ्याचा उपदेश करतो, आणि तोही बहुधा आपल्याहून खाली असलेल्यांना.

आमच्या मते या ग्रंथातील सर्वांत सुंदर लीनता ३५ व्या प्रकरणात आहे. तेथे शिडी नाही, स्वयंपाकघर आहे. आजारी वा अत्यावश्यक कामात गुंतलेले सोडून प्रत्येकाने आठवड्याच्या पाळीने रांधावयाचे आणि वाढावयाचे. पाळी संपविणाऱ्याने शनिवारी साफसफाई करावयाची, पंचे धुवावयाचे, भांडी स्वच्छ करून परत द्यावयाची. आणि नव्या पाळीच्या बंधूसह सर्वांचे पाय धुवावयाचे. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने जे केले, तेच येथे दर आठवड्यास घडते. सेवा पाळीने आली की तिच्यातील अपमान गळून पडतो. एकाच व्यक्तीच्या माथी ती जन्मभर मारली, तर तिला सेवा म्हणणे ही फसवणूक आहे.

या प्रकरणाचे जिवंत भाष्य पाहावयाचे तर आम्हांस दूर जावे लागत नाही. आमच्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हाती खराटा घेऊन दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. धर्मशाळा उभारल्या, पण स्वतःसाठी काही ठेवले नाही. कोणास पाया पडू देत नसत. परंतु हाच खराटेवाला सावकारी, दारू, पशुबळी आणि अस्पृश्यता यांवर भर कीर्तनात आसूड ओढीत असे. तो धुळीपुढे वाकला, अन्यायापुढे वाकला नाही. त्याची कीर्तने हास्याने भरलेली असत हेही येथे नमूद केले पाहिजे. कारण संत बेनेडिक्ट यांची दहावी पायरी हास्याला लगाम घालते. येथे आम्ही आदरपूर्वक मतभेद नोंदवितो. दुसऱ्याची टर उडविणारे हास्य गर्वातून येते हे खरे. पण स्वतःच्या मूर्खपणावर हसता येणे ही लीनतेचीच खूण आहे.

बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी या बारा पायऱ्या उलटून गर्वाच्या बारा पायऱ्या लिहिल्या. त्यांतील पहिली पायरी चौकसपणाची : नजर स्वतःवरून सुटून इतरांवर भिरभिरू लागते. नववी अधिक सूक्ष्म आहे : लोकांनी आपणांस नम्र म्हणावे म्हणून स्वतःचे दोष वाढवून सांगणे. आपण चढणीपेक्षा उतरणच अधिक ओळखतो, अशी कबुली ते ग्रंथाच्या अखेरीस देतात. सातव्या पायरीचे ढोंग कसे होते हे त्यांच्याइतके क्वचितच कोणी ओळखले असेल.

मग वरूडच्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाने या ग्रंथातून काय घ्यावे? नियमावलीच्या ३१ व्या प्रकरणात मठाच्या कोठाराधिकाऱ्याने साऱ्या अवजारांकडे वेदीवरील पात्रांप्रमाणे पाहावे, आणि देण्यास काही नसेल तेव्हा निदान गोड शब्द द्यावा, असे म्हटले आहे. ज्याच्या घरी वखर, डवरा आणि फवारणीचा पंप आहे, त्याला पहिले सहज कळावे. ज्याच्या बागेत संत्रातोडणीचे मजूर येतात, त्याला दुसरे. ५७ वे प्रकरण कारागिरास कौशल्याचा गर्व झाल्यास कामावरून दूर करावयास सांगते, आणि मठातील वस्तू बाजारापेक्षा किंचित कमी दराने विकावयास सांगते. घरात निर्णय घेताना धाकट्यास विचारावे, चुलीची पाळी पुरुषांनीही घ्यावी, चर्चमधील पुढचा बाक कोणाच्या नावे समजू नये. यांत थोर तपश्चर्या नाही. म्हणूनच ते अवघड आहे.

असो. सातवे प्रकरण अवश्य वाचावे. पण दुसरे, तिसरे आणि ३५ वे आधी वाचून. आणि ज्याची पाठ आधीच वाकलेली आहे, त्याला ते वाचून दाखविण्यापूर्वी त्याच्या पाठीवरचे ओझे उतरवावे.